संशोधन अनुदान : खान्देशातील महाविद्यालयीन अध्यापकांचे

विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला ठरावीक संशोधनासाठी वा अध्यापन सुधारण्यासाठी, पगाराव्यतिरिक्त आणि हिशेब देण्याच्या अटीवर मिळणारा निधी. महाविद्यालयांना शासनाकडून मिळणारे वेतन अनुदान या नोंदीत धरलेले नाही.

खान्देशात ज्ञानव्यवहाराला पैसा पुरवण्याची रीत विद्यापीठापेक्षा बरीच जुनी आहे. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तिथे अभ्यासकांच्या राहण्याची आणि निर्वाहाची सोय होती. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिथे काही काळ होते, आणि शाळेत शिक्षक होण्यापूर्वी साने गुरुजीही तिथेच अभ्यासाला राहिले होते. आजच्या अनुदानाशी या व्यवस्थेचा फरक मोठा आहे. शेठजींनी अभ्यासकाला पोसले. आजची योजना अभ्यासकाला नव्हे, त्याच्या प्रस्तावाला पैसे देते.

१५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रशाळांत प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ संशोधक असतात. मात्र इथले बहुसंख्य प्राध्यापक शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत, तालुक्याच्या गावी शिकवतात. केंद्राच्या बहुतेक योजना मोठ्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात, आणि खान्देशातील अनुदानाची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

पहिली पायरी कायद्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमात १९७२ मध्ये १२(ब) हे कलम आले. १७ जून १९७२ नंतर निघालेल्या संस्थेला केंद्रीय अनुदान हवे असेल, तर या कलमाखाली पात्र ठरावे लागते. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय किंवा जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ चे, त्यामुळे त्यांना ही अट आड आली नाही. सातपुड्याच्या पायथ्याला नंतर निघालेल्या महाविद्यालयांतील प्राध्यापकाचा प्रस्ताव कितीही चांगला असला, तरी आधी संस्थेची पात्रता विचारली जाते. तासिका तत्त्वावर शिकवणारे तर या चौकटीच्या बाहेरच राहतात, कारण बहुतेक योजना कायम नेमणूक मागतात.

या परिस्थितीला सर्वांत मानवली ती आयोगाची लघुसंशोधन प्रकल्प योजना. प्राध्यापकांच्या तोंडी ती नुसती ‘मायनर’. प्रस्ताव आयोगाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय कार्यालयात जाई. मंजुरीनंतर अनावर्ती रक्कम, म्हणजे पुस्तके आणि उपकरणे यांची, पूर्ण मिळे आणि आवर्ती, म्हणजे वारंवार होणाऱ्या खर्चाच्या, रकमेचा अर्धा भाग पहिल्या हप्त्यात येई. उरलेले पैसे काम आणि हिशेब पूर्ण झाल्यावर. रक्कम लहान, पण शिकवणे न सोडता करता येण्याजोगे काम: केळीवरील रोग, तापी-गिरणेचे पाणी, पावरा व भिल्ल समाजाच्या वनौषधी, अहिराणीतील ओव्या. असे विषय राष्ट्रीय स्पर्धेत मागे पडतात आणि स्थानिक माणसाशिवाय होतही नाहीत. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, म्हणजे २०१७ मध्ये, नवे प्रस्ताव मागवणे थांबले. ती पोकळी अजून भरलेली नाही. विद्यापीठाची कुलगुरू संशोधन प्रोत्साहन योजना (‘व्हीसीआरएमएस’) आणि राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे विद्यापीठामार्फत आलेले प्रकल्प यांनी काही भार उचलला. पण दुसरी योजना नावाप्रमाणेच विज्ञान-तंत्रज्ञानापुरती. भाषा आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला मग १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे दार ठोठवावे लागते, आणि तिथे स्पर्धा देशभराची असते.

विज्ञानाच्या अध्यापकांसाठी ‘टेअर’ ही केंद्राची योजना मुद्दाम राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी काढलेली आहे. अध्यापकाने जवळच्या आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षातून किमान ९० दिवस काम करायचे. कागदावर उत्तम, फक्त खान्देशाजवळ अशी संस्था नाही. धुळ्याच्या माणसाने इंदूरची आयआयटी गाठायची, की पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा? एवढे दिवस परगावी राहायचे, तर तास कोण घेणार, हे प्राचार्यांना आधी सांगावे लागते.

पैसा मिळाला की खरा कस हिशेबात लागतो. तो प्राध्यापकाच्या खात्यात येत नाही, महाविद्यालयाच्या खात्यात येतो. म्हणजे प्रत्येक खर्चावर प्राचार्यांची सही, दरपत्रके, डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतील नोंद, आता सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवरून खरेदी, आणि शेवटी पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे, सनदी लेखापालाने तपासलेले उपयोगिता प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता अडकतो. क्षेत्रकार्याचा खर्च दाखवणे विशेष जिकिरीचे. धडगावहून पाड्यावर नेणारी जीप पावती देत नाही, आणि लेखापालाला पावतीखेरीज काही दिसत नाही. चांगले प्रकल्प विषयात कमी पडून नव्हे, तर कागदांत अडकून रेंगाळतात.

तरीही प्रस्ताव लिहिले जातात, त्यात पदोन्नतीचा वाटा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० लाखांवरील पूर्ण प्रकल्पाला १० गुण आणि त्याखालील प्रकल्पाला ५ गुण आहेत. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक मूल्यांकनातही बाहेरून आलेला निधी मोजला जातो. त्यामुळे संस्थाचालक एरवी ज्या विषयाकडे ढुंकून पाहणार नाहीत, त्याच्या प्रस्तावावर आनंदाने सही करतात.

अध्यापनासाठीचा निधी त्यामानाने फारच तोकडा. प्राध्यापकाला पीएच.डी.साठी पगारी रजा आणि बदली शिक्षकाचा पगार देणारी आयोगाची ‘एफआयपी’ योजना खान्देशातील एका पिढीला उपयोगी पडली. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांना प्रयोगशाळा अद्ययावत करण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘मोडरॉब्स’ योजना आहे. कला-वाणिज्याच्या वर्गखोलीसाठी असे काही फारसे नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून केंद्रीय विज्ञान निधीची सूत्रे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आली. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यांतील ३६,००० कोटी बिगर-सरकारी स्रोतांतून अपेक्षित आहेत. जैन इरिगेशनसारखा अपवाद सोडला, तर संशोधनात रस असणारा मोठा उद्योग खान्देशात थोडाच आहे.