‘बेळगाव’चा हॅश दोन मशिनवर वेगळा का येतो: पार्श्वभूमी

हॅश म्हणजे मजकुराच्या बाइटांवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा; एक बाइट बदलला तरी तो बदलतो. युनिक्स या संगणकप्रणालीवर सत्तरच्या दशकात ‘सम’ ही कमांड होती, ती फाइल शाबूत पोचली का एवढेच पाहायला. युनिक्सच्या दोन घराण्यांत तिची बेरीज वेगवेगळी यायची, म्हणून १९९२च्या मानकात ‘सीकेसम’ आली. त्याच वर्षी एमडी५ ही हॅश काढायची पद्धत प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला गेला, २०१७ मध्ये शा-१ या दुसऱ्या पद्धतीचेही तेच झाले. आता शा-२५६ वापरावा. उत्तर ६४ अक्षरी.

घोळ होतो तो मजकूर पुढे ढकलणाऱ्या ‘इको’ कमांडमुळे. ‘बेळगाव’ म्हणजे युनिकोडची (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) सहा चिन्हे, यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, एकूण १८. बाइट मोजणारी ‘इको बेळगाव | डब्ल्यूसी -सी’ ही ओळ मात्र १९ दाखवते, कारण शेवटी नवी ओळ चिकटते आणि हॅशमध्ये तीही धरली जाते. इकोला ‘-एन’ दिला की ती जाते, पण सगळीकडे नाही. एका घराण्याने ‘-एन’ पर्याय मानला, दुसऱ्याने तीच अक्षरे छापली, आणि मानकाने निवाडा न करता दोन्ही चालू दिले. तिथेच निकाल लावायला हवा होता. तीस वर्षांनंतरही लोक याच एका बाइटपायी अडतात. बिनधोक वाट एकच:

प्रिंटएफ '%एस' 'बेळगाव' | शा२५६सम

मॅकवर शेवटी ‘शा२५६सम’ऐवजी ‘शासम -ए २५६’.

विंडोजच्या जुन्या पॉवरशेल या कमांड-खिडकीत ‘>’ने फाइल केली तर यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवणपद्धतीचे १२ बाइट, सुरुवातीची खूण २, ओळीचा शेवट ४: पुन्हा १८च! मोजणी जुळते, हॅश नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’, म्हणजे २१ बाइट. तिथे हॅश बदलणारच, मजकूरच वेगळा आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या डीटीपीवाल्यांना जास्त छळतो तो न दिसणारा फरक. ‘दुसऱ्या’तला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलंत देऊन काढतात, तेव्हा शब्द २१ बाइटांचा, काही साध्या ‘र्’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतात, तेव्हा २४. छापल्यावर दोन्ही सारखेच. एनएफसी सामान्यीकरणाने (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या रीती एकसारख्या करण्याने) नुक्ता (खालचे टिंब) जोडलेला ‘र’ तेवढा ‘ऱ’ होतो. जोडचिन्हाचा ‘र’ तसाच राहतो. तो ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडने आधी बदलून घ्यावा, मगच हॅश काढावा.