पाय मोडलेल्या अक्षराशी अडणारा संगणक

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. विंडोजच्या नोटपॅडमध्ये प्रत्येक तालुक्याच्या नावाची एकेक छोटी फाइल करा आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत नुसती 'ओपन' ही आज्ञा देऊन त्या फायली एकामागून एक वाचा. मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला, माळशिरस आणि मंगळवेढा या ७ फायली विनातक्रार वाचल्या जातात. अक्कलकोट, बार्शी, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या ४ फायलींपाशी मात्र प्रोग्राम थांबतो आणि अमुक एक बाइट उलगडता येत नाही, असा लाल संदेश देतो. आपल्याकडच्या बहुतेक विंडोज संगणकांवर आणि आज प्रचलित असलेल्या पायथॉन ३ च्या आवृत्त्यांवर हे असेच घडते. नवा विद्यार्थी आधी फाइल बिघडली असे समजतो, मग पायथॉन पुन्हा इन्स्टॉल करतो. बिघडलेले काहीच नसते. त्या चार नावांत जोडाक्षर आहे, बाकीच्या सातांत नाही, एवढाच फरक.

जोडाक्षराचा आणि या अडण्याचा संबंध काय, हे समजले की मराठी मजकुराच्या बऱ्याच दुखण्यांचा उलगडा होतो.

संगणकाच्या फाइलमध्ये अक्षरे नसतात, ० ते २५५ या दरम्यानचे आकडे असतात. अशा एका आकड्याला बाइट म्हणतात. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे एका तक्त्यावरून ठरते. गोम अशी की साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फक्त आकडे असतात, तक्त्याचे नाव नसते. कापडाच्या दुकानात कोणी '४०' एवढेच लिहिलेली चिठ्ठी पाठवावी आणि वार की मीटर ते लिहूच नये, तशी ही गत. वाचणारा आपल्या सवयीचे माप धरतो.

आता 'सोलापूर' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या तक्त्याच्या हिशेबाने ती सात चिन्हे आहेत: स, ओकार, ल, काना, प, दुसरा उकार आणि र. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, उदाहरणार्थ 'स'चा २३६०. एवढा मोठा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून यूटीएफ-८ ही पद्धत प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट करते. 'स'चे होतात २२४, १६४, १८४. म्हणजे चार अक्षरांचे सोलापूर फाइलमध्ये २१ बाइट घेते.

नोटपॅड २०१९ पासून नवी फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवतो. पायथॉन मात्र ती उघडताना, वेगळे सांगितले नाही तर, विंडोजचा जुना तक्ता धरतो. आपल्याकडे तो बहुधा १२५२ क्रमांकाचा, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला कोड पेज असतो. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्याच्या २५६ घरांपैकी पाच रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मराठीत अक्षराचा पाय मोडण्यासाठी जे हलन्त चिन्ह लागते, त्याचे बाइट आहेत २२४, १६५, १४१. शेवटचा आकडा नेमका रिकाम्या घराचा! 'अक्कलकोट'मधला क्क, 'बार्शी'मधला र्श, 'उत्तर'मधला त्त आणि 'दक्षिण'मधला क्ष यांत हा १४१ येतो, तक्त्यात त्याला घर सापडत नाही आणि प्रोग्राम थांबतो. हलन्त हा एकटाच गुन्हेगार नाही. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, ए चा १४३, ऐ चा १४४ आणि झ चा १५७. त्यामुळे सोलापूरजवळच्या तलावाचे 'एकरुख' हे जोडाक्षर नसलेले नावसुद्धा दोन ठिकाणी अडते, एकदा ए पाशी आणि एकदा रु पाशी.

खरी काळजी मला त्या चार नावांची वाटत नाही, उरलेल्या सातांची वाटते. 'पंढरपूर'च्या प्रत्येक बाइटला १२५२ च्या तक्त्यात कुठले ना कुठले घर आहे, म्हणून प्रोग्राम निमूटपणे पुढे जातो. पण त्याच्या हाती पंढरपूर नसते, डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरे आणि चलनाची चिन्हे यांचा ढीग असतो. तो तसाच पुढच्या फाइलमध्ये उतरला की चूक कुठे झाली हे महिनाभराने शोधणे फार कठीण जाते. थांबणारा प्रोग्राम निदान बोट तरी दाखवतो.

उपाय छोटा आहे. फाइल उघडतानाच 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ असल्याचे सांगायचे. इंटरनेटवर आणखी एक सल्ला सर्रास मिळतो, की न उलगडणारे बाइट दुर्लक्षित करा असा पर्याय द्यावा. तो कधीही ऐकू नका. लाल संदेश जातो हे खरे, पण त्याबरोबर प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक पहिला उकार कापला जातो, आणि नंतर योग्य तक्ता लावला तरी ते परत येत नाहीत.

हाच प्रकार एक्सेलमध्ये होतो, फक्त तिथे लाल संदेश येत नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलवर डबल क्लिक केले की एक्सेल जुना तक्ता धरतो आणि मराठी यादीच्या जागी अगम्य चिन्हे दाखवतो. त्या कचऱ्यालाही एक शिस्त असते, ती पाहायची सवय लावून घ्यावी. सोलापुरात ती विशेष कामाला येते, कारण इथे एकाच यादीत तीन भाषा येऊ शकतात: मराठी, पूर्व भागातल्या विणकर वस्त्यांची तेलुगू आणि अक्कलकोटकडची कन्नड. तिन्हींचा पहिला बाइट २२४ च, म्हणून तिरकी रेघवाला रोमन 'ए' दर तीन चिन्हांनी दिसतो. त्याच्या लगेच पुढचे चिन्ह भाषा सांगते. देवनागरीत तो बाइट १६४ किंवा १६५ असतो, म्हणून चार टोके असलेले गोल चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह दिसते. तेलुगूत १७६ किंवा १७७, म्हणजे अंशाचे चिन्ह किंवा अधिक-उणे. कन्नडमध्ये १७८ किंवा १७९, म्हणजे वर चढवलेला छोटा २ किंवा छोटा ३. कचरा पाहून मूळ मजकूर कोणत्या भाषेत होता हे वाचता येते, म्हणजेच मजकूर अजून शाबूत आहे.

अशा वेळी एक्सेलमध्ये काहीही सेव्ह न करता फाइल बंद करावी. मग 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडून 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ घ्यावा. विंडोजमध्ये यूटीएफ-८ चा हा क्रमांक आहे. फाइल आपणच तयार करत असू, तर सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट टाकले की एक्सेल स्वतःच ओळखतो. 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकाराने सेव्ह केले की ते आपोआप पडतात. मात्र तेच तीन बाइट लिनक्सवरच्या शेल स्क्रिप्टच्या, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइलच्या, सुरुवातीला आले, तर स्क्रिप्टची पहिली ओळ ओळखली जात नाही. म्हणून यादीला ते असावेत, स्क्रिप्टला नसावेत.

कचऱ्याऐवजी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या तर निश्चिंत राहा, फक्त फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हे दिसली तर मात्र प्रकरण गंभीर आहे. विंडोजने अरबी, ग्रीक, थाई अशा भाषांसाठी जुन्या पद्धतीचे कोड पेज बनवले, पण मराठी, तेलुगू किंवा कन्नडसाठी तसे पान बनवले नाही. देवनागरी विंडोज २००० मध्ये आली, तेलुगू आणि कन्नड २००१ च्या एक्सपीमध्ये, आणि त्या थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टाकले, की त्याला प्रत्येक चिन्हाच्या जागी ६३ हा आकडा ठेवावा लागतो. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. सोलापूरची सात प्रश्नचिन्हे होतात आणि मोहोळची पाच. ती पुन्हा शब्दांत बदलणारे कोणतेही साधन नाही, कारण मूळ आकडेच पुसले गेले. जुना नोटपॅड 'अँसी' प्रकारात साठवताना याचा इशारा देत असे, पण घाईत आपण 'ओके' दाबून मोकळे होतो.

डीटीपीच्या दुकानांतल्या जुन्या पत्रिका आणि मतदार याद्या यांची कथा निराळी. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर मुळात रोमनच असतो, त्यावर मराठी आकार चढवलेले असतात. कृतिदेवमधल्या 'सोलापूर'चा फॉन्ट बदलून पाहा, खाली एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे ही आठ रोमन अक्षरे निघतील. अशी यादी वर्णानुक्रमे लावली तर गंमत होते. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी, 'एफ' कळीने टाइप होते, त्यामुळे किरण, विजय आणि शिवाजी हे तिघे 'एफ'खाली एकत्र बसतात. यावर कन्व्हर्टर हाच इलाज. प्रत्येक फॉन्ट कुटुंबाची मांडणी वेगळी असल्याने मूळ फॉन्टचे नाव फाइलबरोबर लिहून ठेवावे. शहराच्या छापखान्यांतला कितीतरी मजकूर असा अडकून पडला आहे आणि तो वेळेत युनिकोडमध्ये आणला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

युनिकोडमध्ये आणल्यावरही मराठीचा एक खास गुंता उरतो. 'शेतकऱ्यांची यादी' शोधायला जावे आणि डोळ्यांसमोर असलेली ओळ संगणकाला सापडू नये, हा अनुभव अनेक कार्यालयांत येतो. 'ऱ्य'मधला तो छोटा वळसा दोन रीतींनी टाइप करता येतो. एकीत २३५३ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त असतो. दुसरीत २३५२ क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे, न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखीच, आकड्यांत भिन्न. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी युनिकोडची 'नॉर्मलायझेशन' ही प्रक्रियाही या दोन रूपांना एक मानत नाही. वकिलांच्या नावाआधीच्या 'ॲड.'चे तसेच आहे. २००८ साली युनिकोडमध्ये ॲ साठी २४१८ हा स्वतंत्र क्रमांक आला. त्याआधीच्या फायलींत तो अ अधिक अर्धचंद्र असा आहे, आणि काही कीबोर्ड आजही तसाच काढतात. म्हणून यादी भरून घेतानाच दुसरे रूप पहिल्यात बदलणारी दोन ओळींची तरतूद प्रोग्राममध्ये ठेवावी. एक्सेलमधले व्हीलुकअप हे शोधसूत्र का चुकते, याचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

फायलींच्या नावांबद्दलही थोडे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फाइलच्या नावाला २५५ एककांची मर्यादा आहे आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह एकच एकक घेते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या तशाच पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे. तीनने भागा, हाती ८५ चिन्हे उरतात, आणि काना-मात्राही त्यातच मोजायच्या. 'दक्षिण सोलापूर तालुक्यातील' अशी सुरुवात करून पुढे विषय, संदर्भ आणि वर्ष लिहिलेले सरकारी थाटाचे नाव विंडोजवर सुखाने राहते, पण बॅकअपसाठी लिनक्स सर्व्हरवर नेताना 'नाव फार लांब आहे' म्हणून नाकारले जाते. बॅकअपचा लॉग कोणी वाचला नाही, तर नेमक्या त्याच फायली बॅकअपमध्ये नसतात.

विंडोजमध्ये २०१८ पासून सगळ्या जुन्या प्रोग्रामांना यूटीएफ-८ लावणारा एक पर्याय आहे. 'रीजन'च्या 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबमध्ये सिस्टम लोकेल बदलायच्या ठिकाणी तो 'बीटा', म्हणजे चाचणीतला, म्हणून दिसतो. तालुक्यांच्या नावांवर अडणारा पायथॉन त्याने लगेच सुधारतो. पण ज्या संगणकावर कृतिदेवचे जुने काम किंवा जुने बिलिंग चालते, तिथे तो थेट सुरू करू नये. त्या फॉन्टांतली काही जोडाक्षरे १२७ च्या वरच्या आकड्यांवर बसवलेली आहेत, आणि युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्राममध्ये तक्ता बदलला की तीच तुटतात. आधी एका सुट्या संगणकावर, जुन्या फायलींच्या प्रतीवर पाहावे.