बसलं की दुखतं, कमोडवर मात्र नाही

२०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. त्यांच्याकडे बघून आमच्यातले कितीतरी जण सायकलकडे वळले. त्यातला एक मित्र पुढे वर्षभर खुर्चीत बसू शकला नाही. बैठकीच्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग. एमआरआय नॉर्मल, म्हणून ‘मनाचं आहे’ सांगून त्याला घरी पाठवलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, हा समज मोडायलाच हवा.

कोपर दाराच्या कडेवर आपटलं की झिणझिण्या करंगळीला येतात. करंगळीला काहीच झालेलं नसतं, पण तिची नस कोपराच्या हाडाला चिकटून जाते. निरोप कुठल्या तारेवरून आला एवढंच मेंदूला कळतं. तार मध्ये कुठे दाबली गेली, ते नाही. म्हणून तो दुखणं तारेच्या टोकाला दाखवतो, आणि डॉक्टरही टोकच तपासत बसतात.

प्युडेंडल नस अशीच. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या चेतामुळांपासून ती निघते, आणि तिची वाट विलक्षण आहे. ब्रह्मगिरीवर दिसलेली गोदावरी गुप्त होऊन खाली कुशावर्तात पुन्हा प्रकटते असं आपण मानतो ना, तशी ही कमरेच्या हाडांच्या वाडग्यातून मागे बाहेर पडते, एका टोकदार हाडाला वळसा घालते, दोन चिवट अस्थिबंधांच्या चिमट्यातून परत आत शिरते. पुढे स्नायूच्या आवरणातल्या बोगद्यातून जननेंद्रियं आणि गुदद्वारापर्यंत. अरुंद सीट तासन्‌तास याच वाटेवर दाब देते. फ्रान्सच्या आमारेंको आणि सहकाऱ्यांनी सायकलस्वारांचा हा आजार १९८७ मध्ये नोंदवला.

२००८ मध्ये नांत शहरातल्या डॉक्टरांनी निदानाच्या खुणा मांडल्या: बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, स्पर्शाची जाणीव शाबूत ठेवणारं आणि नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं की थांबणारं दुखणं. कमोडवर अनेकांना बरं वाटतं, कारण मधला भाग अधांतरी राहतो.

झुरिचचे स्त्रीरोग शल्यचिकित्सक मार्क पोसोव्हर यांनी तर कारकीर्दच ओटीपोटातल्या अशा नसांना दिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशनात मूत्राशयाच्या नसा दुखावतात आणि लघवीवरचा ताबा जातो. त्यांनी दुर्बिणीतून बघत एकेका नसेला हलका विद्युतप्रवाह दिला, काय हलतं ते पाहिलं आणि जपायच्या नसा ओळखल्या. त्याच वाटेने ते दुखण्याकडे वळले. पाळीच्या दिवसांतच पायात कळा येणाऱ्या काही बायकांमध्ये एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, थेट सायटिकाच्या नसेवर असतो. पुढे त्यांनी पाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या या नसांवर इलेक्ट्रोडही बसवले.

आपल्याकडे अशा पायाला अंगारा लागतो, नस बसवणाऱ्याची मालिश होते. दाबलेली नस अंगाऱ्याने सुटत नाही, आणि मालिशीत गेलेले महिने परत येत नाहीत.

मित्राला गेल्या महिन्यात ते भुलीचं इंजेक्शन दिलं. त्या दुपारी तो आमच्याबरोबर अर्धा तास मिसळ खात बसला. संध्याकाळी भूल उतरली, आग परत आली, पण निदान पक्कं झालं. आता सायकल बंद, मध्ये कापलेली गादी, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करायचे व्यायाम. ऑपरेशनचा विचार त्यानंतर.