घरचा ट्रक : नोंदणी व परवाना

भाड्याने न लावता केवळ मालकाच्याच कामासाठी ठेवलेला मालट्रक. सांगली-सातारा भागात ऊस, हळद, द्राक्षपेट्या, विटा वाहायला बागाईतदार आणि व्यापारी असे ट्रक बाळगतात. ‘गाडी घरची, माल घरचा, मग परमिट कशाला?’ हा त्यांचा ठरलेला सवाल.

मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र माल कुणाचा हे विचारत नाही. गाडीची बांधणी पाहतो. माल वाहण्यासाठीच बांधलेली गाडी रिकामी धावली तरी परिवहन वाहनच. त्यामुळे एमएच-१० (सांगली), एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-५० (कराड) पासिंगच्या घरच्या ट्रकलाही पिवळी नंबरपाटी, परमिट (माल वाहण्याची सरकारी परवानगी) आणि फिटनेस (गाडी धडधाकट असल्याचा दाखला) लागते. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. १९३९ च्या कायद्यात स्वतःच्या मालासाठी ‘प्रायव्हेट कॅरिअर’चे वेगळे परमिट होते. १ जुलै १९८९ रोजी नवा कायदा अमलात आला आणि तो भेद संपला. गावातला गैरसमज बहुधा तिथलाच असावा. शेतीचा ट्रॅक्टर परिवहन वाहनांत धरत नाहीत, त्यानेही त्यात भर पडते.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या पिकअपला परमिट माफ आहे, पाटी पिवळीच. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेला आकडा.

१२,००० किलोंच्या वरची मालगाडी अवजड. साधा सहाटायरी ट्रकही १८,५०० किलोपर्यंत पास होतो, म्हणजे तो त्यातच आला. स्टिअरिंगवर खुद्द मालक बसला तरी परिवहन वाहन चालवण्याचा परवाना हवा. त्यासाठी वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभराचा लागतो, मग शिकाऊ परवाना मिळतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. नूतनीकरण आता पाच वर्षांनी. ७,५०० किलोपर्यंतचा टेम्पो मात्र मोटारीच्या परवान्यावर चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्के केले.

पालच्या खंडोबाच्या यात्रेला भावकी हौद्यात बसवून नेणे हा तर सरळ नियमभंग. मालासोबत निघालेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात धरला जातो, फुकट बसवलेली माणसे धरली जात नाहीत.