पशुविज्ञान व व्यवस्थापन (ऑनर्स पदवी)

पशुविज्ञान व व्यवस्थापन : पाळीव जनावरांचे पोषण, प्रजनन, आनुवंशिकी, वर्तन आणि कळपाचा रोजचा कारभार यांचा विद्यापीठात होणारा एकत्रित अभ्यास. ब्रिटनमध्ये तो बी.एस्सी. ऑनर्स (साध्या पदवीहून वरच्या) दर्जाची स्वतंत्र पदवी म्हणून शिकवला जातो. पशुवैद्यकाचा भर रोगनिदानावर आणि उपचारांवर असतो. इथले प्रश्न निराळे. धडधाकट गाय अमुक इतकेच दूध का देते, दोन वेतांमधले अंतर का वाढते, आणि जास्त दूध मिळवताना त्या गायीचे हाल तर होत नाहीत ना?

इंग्लंडमध्ये ही पदवी ३ वर्षांची, ३६० श्रेयांकांची (क्रेडिट); स्कॉटलंडमध्ये साधारणपणे ४ वर्षांची. मधले एक वर्ष प्रत्यक्ष कामावर घालवण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी असते. श्रॉपशरमधील हार्पर ॲडम्स ही १९०१ मध्ये कृषी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाचा सटन बॉनिंग्टन परिसर ही या विषयाची नावाजलेली ठिकाणे.

पहिल्या वर्षी शरीररचना, जीवरसायन, पेशीविज्ञान असा पाया घातला जातो. पुढे पोषणशास्त्र येते आणि अभ्यासाला खरा रंग चढतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, सूक्ष्मजीव चारा आंबवतात, म्हणजे खुराक ठरवताना गायीइतकाच या जीवांचाही विचार करावा लागतो. खुराकात धान्य एकाएकी वाढवले की कोठीपोटात आम्ल साचते, रवंथ मंदावते, गाय चारा सोडते. मुरघास, पेंड, वाळका चारा यांची तुलना ओल्या वजनावर न करता शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर करायची, ही सवय इथे लागते. गायीच्या पाठीचा कणा, माकडहाडे आणि शेपटीचे मूळ पाहून, चाचपून तिला १ ते ५ असा शरीर गुणांक (ती किती कृश वा लठ्ठ आहे याचे माप) द्यायला विद्यार्थी शिकतात. दोन विद्यार्थ्यांचे गुण जुळेपर्यंत हा सराव चालतो, कारण माणसागणिक बदलणाऱ्या मोजमापावर कुणाचा गोठा चालवता येत नाही.

प्राणिकल्याण हा या पदवीचा कणा आहे. ब्रिटिश लेखिका रूथ हॅरिसन यांच्या लेखनाने ब्रिटनमध्ये बंदिस्त पशुपालनाविषयी लोकमत ढवळून निघाले आणि सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटून स्वच्छ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत, असे तिच्या १९६५ च्या अहवालाने सांगितले. त्यातूनच पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली : भूक-तहान, गैरसोय, वेदना-रोग आणि भीती यांपासून मुक्तता, आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक. प्रयोगासाठी प्राणी वापरताना पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, हे रसेल व बर्च या शास्त्रज्ञांचे १९५९ चे सूत्रही विद्यार्थ्याला आरंभीच शिकवले जाते.

‘ऑनर्स’ला वजन येते ते अखेरच्या वर्षातील स्वतंत्र संशोधन प्रकल्पामुळे. प्रश्न विद्यार्थ्याने ठरवायचा, नैतिक मान्यता मिळवायची, नोंदी घ्यायच्या, संख्याशास्त्राने तपासायच्या. इथली मोठी अडचण म्हणजे प्रयोगाचा घटक कोणता मानायचा. एका कप्प्यात दहा डुकरे एकाच गव्हाणीतून खात असतील, तर खाद्याच्या चाचणीत ती दहा निरीक्षणे ठरत नाहीत. तो कप्पा हेच एक निरीक्षण. हे ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी टिकत नाही. पदवीधराला आयुष्यभर पुरणारी शिकवण यापरती नाही.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः दोन घरांत नांदतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पशुवैद्यक पदवीत पशुपोषण, पशुप्रजनन, पशुधन उत्पादन व्यवस्थापन हे विभाग आहेत. कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग आहे. या ज्ञानशाखेचे बळ पाहायचे तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील ‘फुले त्रिवेणी’ पाहावी : ५० टक्के होल्स्टीन फ्रिजियन, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर रक्ताची संकरित गाय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम तर अधिकच विचारपूर्वक केलेले वाटते. सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीत जुळी कोकरे देणारे जनुक आहे. ते दख्खनी मेंढीत आणून तिथे ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. दख्खनी मेंढीचा काटकपणा राखून जुळ्यांचे प्रमाण वाढवायचे, आणि त्याच वेळी जास्तीच्या कोकरांना पुरेल इतके दूध व चारा मेंढपाळाकडे असेल का हेही पाहायचे, असा तो दुहेरी हिशेब आहे. आनुवंशिकी आणि व्यवस्थापन एकत्र का शिकवावे, याचे इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. या पदवीने पशुवैद्य होता येत नाही. भारतात १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पशुवैद्यक पदवीच लागते. ब्रिटनमध्येही १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. पशुविज्ञानाचे पदवीधर पशुखाद्य उद्योग, पैदास संस्था, डेअरी व कुक्कुटपालन व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालये, कल्याण तपासणी आणि संशोधन या क्षेत्रांत काम करतात.