लायनरमध्ये पावडर? नको!

‘घाम येतो ना, मग लायनर चढवण्याआधी पावडर मारा,’ हा सल्ला कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना हमखास मिळतो. लायनर म्हणजे कृत्रिम पायाच्या आत, उरलेल्या पायावर चढवायचं मऊ अस्तर. सुती मोज्यावर बसणाऱ्या जुन्या पायात ते खपून जायचं. सिलिकॉन लायनरचं गणित उलटं: तो थेट कातडीला चिकटून पकड धरतो. पावडरीने ती पकड सुटते, वर घामात तिचा लगदा होऊन कातडी घासते.

लायनर पूर्ण उलटा करायचा, तळ स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या, टोकाला टेकवायचा आणि मध्ये हवा न ठेवता वर गुंडाळत न्यायचा. ओढायचा नाही, ताणलेली कातडी फोड आणते. रोज रात्री सौम्य साबण, कोमट पाणी, खळखळून धुणं. डेटॉल, स्पिरिट नकोच. नव्या लायनरमुळे येणारा घाम बहुधा काही आठवड्यांत कमी होतो. तोवर मधेच काढून पुसावा लागतो, कटकट आहे खरी.