एकोणचाळीस ते पन्नास: टाइप १ मधुमेह आणि पेरिमेनोपॉज

रात्री तीनला जाग येते. मान, पाठ घामाने चिंब, छातीत धडधड. टाइप १ मधुमेहाबरोबर, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहाबरोबर, पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या बाईला याचा एकच अर्थ ठाऊक असतो, शुगर लो झाली. ती अंधारातच चार चमचे साखर खाते आणि सकाळी आकडा तीनशेच्या पुढे गेलेला असतो. शुगर लो नव्हतीच. पाळी जाण्याच्या काळातला, म्हणजे पेरिमेनोपॉजमधला, हॉट फ्लॅश होता तो, अंगात अचानक उसळणारी उष्णतेची लाट. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी असूनही या गोंधळाकडे वैद्यकाचं लक्ष फार उशिरा गेलं.

‘मेनोपॉज’, म्हणजे पाळी कायमची थांबणं, हा शब्द गार्दान या फ्रेंच डॉक्टराने १८२१ साली वापरला. बरोबर शंभर वर्षांनी, १९२१ मध्ये, टोरांटोत इन्सुलिन सापडलं. तोवर लहानपणी टाइप १ झालेली मुलगी चाळिशीपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टाइप १ झालेली एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी इन्सुलिनसाठी टोरांटोला आली तेव्हा उपासमारीच्या पथ्याने तिचं वजन जेमतेम वीस किलो उरलं होतं. पुढे तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली, १९८१ पर्यंत ती जगली. म्हणजे हा टप्पा तिने ओलांडलाच, तोही घरी ग्लुकोमीटर नसण्याच्या जमान्यात.

नंतर मोठे अभ्यास झाले, पण त्यांच्या भरतीची वयं बघण्यासारखी आहेत. शुगर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात हे दाखवणारा डीसीसीटी हा टाइप १ वरचा अभ्यास १९८३ ते १९९३ या काळात झाला. त्यात १,४४१ जण होते आणि प्रवेशाचं वय १३ ते ३९. हार्मोन थेरपीवरचा, म्हणजे पाळी थांबल्यावर हार्मोन औषध म्हणून देण्यावरचा, गाजलेला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा अभ्यास घ्या, तर त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या आणि पाळी थांबलेल्या. एक दार एकोणचाळीसला बंद झालं, दुसरं पन्नासला उघडलं. पेरिमेनोपॉज येतो तो बहुतेक वेळा नेमका या दोन दारांच्या मध्ये. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण झालं खरं. त्यात २००२ मध्ये हार्मोन थेरपीच्या त्या अभ्यासाचा एक भाग धोक्यांमुळे मध्येच थांबवला गेला आणि डॉक्टर, रुग्ण सगळेच बिचकले.

शरीरात घडतं ते असं. इस्ट्रोजेन असताना इन्सुलिन चांगलं लागू पडतं, बीज सुटल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉन त्याच्या आड येतं. म्हणून अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त इन्सुलिन लागतं आणि पाळी सुरू झाली की गरज एकदम उतरते. हे गणित बायका वर्षानुवर्षांच्या अनुभवाने बसवतात. काहींच्या इन्सुलिन पंपात त्या दिवसांसाठी वेगळा बेसल रेट, म्हणजे दिवसभर थेंबथेंब जाणाऱ्या इन्सुलिनचा वेग, असतो. पेरिमेनोपॉजमध्ये हे कॅलेंडरच विस्कटतं. कधी बीज सुटतच नाही, इस्ट्रोजेन एखाद्या महिन्यात चढतं, पुढच्यात कोसळतं. २०१२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की या टप्प्याची सुरुवात धरतात. साठ दिवस पाळी आलीच नाही तर उत्तरार्ध. वाढीव डोस नेमका कधी सुरू करायचा, हे मग कॅलेंडर बघून ठरवता येत नाही.

एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, तीसुद्धा इथे दगा देऊ शकते. या काळात अंगावरून जास्त जाणं नवं नाही. त्यातून लोह कमी झालं तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. बाई स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्तस्रावाचं सांगते, मधुमेहाच्या डॉक्टरांना शुगरचं, आणि दोन्ही फायली एका टेबलावर क्वचितच येतात.

बदल आणला तो दंडावरच्या सेन्सरने. सतत ग्लुकोज मोजणारं पहिलं उपकरण १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं; तेव्हा त्यातले आकडे नंतर दवाखान्यातच बघायला मिळत. आता ते दर काही मिनिटांनी फोनवर येतात. रात्री तीनला जाग आलेली बाई आधी फोन बघते. १६०, आणि रेष सपाट. ती साखरेच्या डब्याकडे न जाता पंखा वाढवते.